‘सति’ आणि ‘पञ्ञा’ : दोन पाली संज्ञांचा अर्थ व त्यांची मराठी भाषांतरे

आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग जी ‘सम्मासति’, तिचा मराठी पर्याय ‘सम्यक स्मृती’ हा आता सर्वपरिचित झाला आहे. धर्मानंद कोसंबी यांच्या लेखनाने पाली संज्ञांना मराठीत स्थान मिळाले. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर त्या संज्ञा अभ्यासिकेतून बाहेर पडून लाखो घरांच्या नित्य वापरात आल्या. यांपैकी ‘प्रज्ञा’ या शब्दाचे भाग्य विशेष थोर. तो मुलींचे नाव झाला, संस्थांचे नाव झाला, घोषवाक्यात आला. ‘स्मृती’ या शब्दाची गती मात्र निराळी आहे. तो पाठ केला जातो; परंतु त्याने नेमके काय सांगितले आहे असे विचारले असता उत्तर बहुधा दुसऱ्या शब्दांत मिळते : जागरूकता, सजगता, अवधान, आणि अलीकडे ‘माइंडफुलनेस’. मूळ संज्ञेचा पर्याय एक आणि तिचे स्पष्टीकरण दुसरेच, ही स्थिती भाषाभ्यासकाने विचारात घेण्यासारखी आहे.

‘स्मृती’ हा केवळ व्युत्पत्तीला धरून केलेला शब्दशः पर्याय असून ‘सजगता’ हाच खरा अर्थ होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात याच्या उलट प्रतिपादन करावयाचे आहे. पाली वाङ्मयात ‘सति’ने स्मरणाचा अर्थ कधीच टाकलेला नाही. तो टाकला असता ‘सति’ आणि ‘पञ्ञा’ यांचा परस्परसंबंध तुटतो, आणि तो तुटल्यावर दोन्ही संज्ञा पोकळ होतात.

१

प्रथम रूपाचा विचार करू. संस्कृत ‘स्मृति’ या शब्दातील आद्य जोडाक्षर पालीत एकेरी होते आणि ऋकाराच्या जागी अकार येतो. त्यामुळे ‘सति’ हे रूप सिद्ध होते. परंतु हा शब्द समासाच्या किंवा उपसर्गाच्या पुढे आला की लोपलेल्या मकाराची खूण द्वित्वाच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. ‘अनुस्मृति’चे ‘अनुस्सति’ होते आणि ज्याची स्मृती हरपली आहे तो ‘मुट्ठस्सति’ म्हटला जातो. प्राकृतात हाच शब्द ‘सइ’ असा होतो आणि आपल्या ‘सय’ या शब्दाचा संबंध त्याच्याशी लावता येतो. माहेरची सय येते असे जेव्हा मराठी स्त्री म्हणते, तेव्हा ती ‘सति’चेच वंशज रूप उच्चारीत असते. अर्थात शब्दकुळ एक असले म्हणजे अर्थही एकच असतो असे नव्हे. म्हणून केवळ व्युत्पत्तीवर विसंबून चालणार नाही.

‘सतिपट्ठान’ या सामासिक शब्दाची फोड हा दुसरा प्रश्न. ‘सति’ आणि ‘पट्ठान’ अशी फोड अट्ठकथांना परिचित आहे. उत्तरेकडील संस्कृत ग्रंथांत मात्र ‘स्मृत्युपस्थान’ असे स्पष्ट रूप आढळते. सदतीस बोधिपक्खिय धर्मांच्या एकाच यादीत ‘सम्मप्पधान’ आणि ‘सतिपट्ठान’ हे दोन शब्द लागोपाठ येतात. पहिल्यात ‘प्र’ या उपसर्गामुळे पकाराचे द्वित्व झालेले दिसते, दुसऱ्यात ते दिसत नाही. एवढ्यावरून निर्णय होतो असे नाही, कारण पालीत अशा द्वित्वाला अपवाद आहेत. परंतु सुत्तांत ‘सति’बरोबर वारंवार येणारे क्रियापद ‘उपट्ठापेति’ हेच आहे, हे ध्यानी घेता ‘उपट्ठान’ या फोडीकडे कल झुकतो. उपस्थान म्हणजे जवळ येऊन उभे राहणे, सेवेस हजर होणे. स्मृतीला बोलावून आणून समोर उभे करावयाचे, असा या संज्ञेचा आशय आहे. नुसत्या जागेपणाला असे बोलवावे लागत नाही.

२

आता निकायांतील व्याख्यांकडे वळू. संयुत्तनिकायाच्या इंद्रियसंयुत्तात श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी व प्रज्ञा या पाच इंद्रियांचे विवरण दोन लगतच्या सुत्तांत आले आहे. पहिल्यात सतिंद्रियाची व्याख्या अशी की, फार पूर्वी केलेले आणि फार पूर्वी बोललेले जो आठवू शकतो, त्याचे ते सतिंद्रिय होय. दुसऱ्या सुत्तात ही व्याख्या जशीच्या तशी ठेवून तिला चार सतिपट्ठानांची जोड दिली आहे. संकलन करणाऱ्यांना या दोन गोष्टींत विसंगती वाटलेली नाही. पूर्वीचे बोलणे आठवणे आणि चालू श्वासावर चित्त ठेवणे, ही त्यांच्या दृष्टीने एकाच शक्तीची दोन कार्ये होती.

अंगुत्तरनिकायातील नगरोपमसुत्तात हाच विचार चित्ररूपाने आला आहे. सीमेवरील दुर्गाच्या संरक्षणाची जी साधने सांगितली आहेत, त्यांत शहाणा द्वारपाल आणि लिंपलेला भक्कम तट यांचा समावेश आहे. द्वारपाल म्हणजे सति आणि तट म्हणजे पञ्ञा. द्वारपालाचे काम काय? अनोळखी माणसास अडवावयाचे आणि ओळखीच्या माणसास आत घ्यावयाचे. येथेही सतीचे वर्णन करताना फार पूर्वी केलेले व बोललेले आठवण्याचीच व्याख्या योजिली आहे. या उपमेचे मर्म त्या योजनेत आहे. ज्याला चेहरे आठवत नाहीत असा द्वारपाल कितीही जागा राहिला तरी त्याचा उपयोग नाही. तो डोळे उघडे ठेवून शत्रूलाही वाट देईल. पहाऱ्याला डोळा लागतो, त्याप्रमाणे ओळखही लागते. आणि ओळख ही स्मृतीवाचून संभवत नाही.

शब्दाचा अर्थ त्याच्या विरोधी शब्दावरून निश्चित करावा, हा भाषाशास्त्रातील एक उपयुक्त संकेत आहे. ‘सति’चा विरोधी शब्द पालीत कोणता? ‘सम्मोस’, म्हणजे विसर पडणे, हरवणे. झोप, सुस्ती, मरगळ यांना पालीत ‘थीनमिद्ध’ ही स्वतंत्र संज्ञा आहे. जागरणासाठी ‘जागरिया’ आहे, गाफील न राहण्यासाठी ‘अप्पमाद’ आहे, आणि करीत असलेल्या कृतीच्या स्पष्ट जाणिवेसाठी ‘सम्पजञ्ञ’ आहे. या संज्ञा एकमेकींच्या शेजारी नांदतात. अट्ठकथाकार त्यांतील काहींचे विवरण सतीच्या साहाय्याने करतात. परंतु त्यांचा गोंधळ होऊ देत नाहीत. ‘सति’चे भाषांतर आपण ‘जागरूकता’ असे केले की शेजारच्या संज्ञेची जागा तिला दिली जाते आणि तिची स्वतःची जागा रिकामी पडते. मग ‘जागरिया’चे आणि ‘अप्पमादा’चे भाषांतर काय करावयाचे, असा प्रश्न येतो, त्याचे उत्तर बहुतेक पुस्तकांत पुन्हा ‘जागरूकता’ असेच मिळते.

३

सतिपट्ठानसुत्त हे या विषयाचे मुख्य प्रमाण. मज्झिमनिकायात ते दहावे आहे आणि दीघनिकायात त्याचे विस्तृत रूप बाविसावे. कुरूंच्या देशातील कम्मासधम्म या निगमात हा उपदेश झाला असे त्यात सांगितले आहे. काया, वेदना, चित्त व धर्म ही चार क्षेत्रे त्यात क्रमाने येतात. या सुत्ताचा आशय अनेकांनी विवरिला आहे. त्याच्या व्याकरणाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही.

सुत्ताच्या नावात ‘सति’ आहे. परंतु प्रत्यक्ष विवरणात साधक जे करतो ते सांगणारे मुख्य क्रियापद ‘पजानाति’ हे आहे. श्वास दीर्घ असो की ऱ्हस्व, वेदना सुखाची असो की दुःखाची, चित्त सराग असो की वीतराग, साधक ते ‘पजानाति’. हे क्रियापद आणि ‘पञ्ञा’ हे नाम एकाच धातूची व एकाच उपसर्गाची रूपे आहेत. तात्पर्य, या सुत्तात नाम सतीचे आणि क्रिया प्रज्ञेची अशी रचना आहे. श्वसनाच्या प्रकरणात तर हे अगदी उघड आहे. आरंभी साधक ‘सत’ असतो, म्हणजे स्मृतियुक्त असतो, आणि त्या स्थितीत तो जाणतो. आधी स्मृती उपस्थित होते, नंतर तिच्या आश्रयाने जाणणे घडते.

दुसरी गोष्ट ‘इति’ या अव्ययाची. जाणले जाते ते पुष्कळदा प्रथमपुरुषी वाक्याच्या रूपात ठेवून त्यापुढे ‘ति’ जोडलेले आहे. मी दीर्घ श्वास घेत आहे असे साधक जाणतो. मी चालत आहे असे जाणतो. इंग्रजी भाषांतरांत हे पुष्कळदा परोक्ष कथन होऊन जाते. मराठीला तशी गरज नाही, कारण आपले ‘असे’ आणि ‘म्हणून’ हे शब्द ‘इति’चेच काम करतात. हा केवळ शैलीचा भाग नव्हे. अनुभव आला आणि गेला, एवढ्याने येथे भागत नाही. आलेला अनुभव कोणत्या जातीचा हे साधकाने ओळखावे आणि त्याला नाव द्यावे, अशी अपेक्षा आहे. नाव देण्यासाठी ते नाव आधी शिकलेले आणि ध्यानात राहिलेले असले पाहिजे. पाच नीवरणे, सहा आयतने, सात बोज्झंग ही धर्मानुपश्यनेतील क्षेत्रे ज्याने ऐकून स्मरणात ठेवली नाहीत, त्याला ती स्वतःच्या चित्तात दिसणारही नाहीत.

याच सुत्तातील धान्याच्या पोतडीची उपमा या दृष्टीने पाहावी. दोन्हीकडे तोंड असलेली, साळ, भात, मूग, उडीद, तीळ, तांदूळ अशा नाना धान्यांनी भरलेली पोतडी डोळस माणूस सोडतो आणि ही साळ, हे मूग, हे तीळ असे पाहत जातो. शरीराच्या घटकांकडे तसेच पाहावे, असे सांगितले आहे. डोळस असणे येथे अवश्य आहे. पण ज्याने कधी मूग आणि उडीद वेगळे ओळखले नाहीत, त्याला ती पोतडी सोडून तरी काय दिसणार? समोरच्या वस्तूकडे पाहणे आणि पूर्वीची ओळख जागी असणे, या दोहोंच्या संयोगाने ही उपमा उभी आहे.

४

‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात सागल नगरीचा ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. राजा लक्षणे विचारतो आणि नागसेन उपमांनी उत्तरे देतो. सतीची दोन लक्षणे तो सांगतो : ‘अपिलापन’ आणि ‘उपगण्हन’. पहिल्यासाठी चक्रवर्ती राजाच्या भांडारिकाचा दृष्टांत येतो. हा भांडारिक सकाळ-संध्याकाळ राजाला त्याच्या वैभवाची आठवण देतो : इतके हत्ती, इतके घोडे, इतके रथ, इतके सोने. त्याचप्रमाणे सति उत्पन्न झाली असता कुशल-अकुशल, सदोष-निर्दोष धर्म चित्तापुढे मांडते. दुसऱ्यासाठी राजाच्या मंत्र्याचा दृष्टांत आहे; हितकर कोण व अहितकर कोण हे जाणून तो एकाला जवळ करतो आणि दुसऱ्याला दूर सारतो.

‘अपिलापन’ या शब्दाच्या अर्थाविषयी परंपरेतच दोन मते दिसतात. अट्ठकथा त्याचा संबंध ‘प्लु’ म्हणजे तरंगणे या धातूशी जोडतात. पाण्यावर तरंगणाऱ्या भोपळ्याप्रमाणे वरवर न राहता विषयात उतरणे, असा अर्थ त्यांनी केला आहे. कल्पना सुंदर आहे. परंतु स्थिरमतीच्या त्रिंशिकाभाष्यात स्मृतीच्या विवरणात ‘अभिलपनता’ हा शब्द येतो, आणि त्यावरून मूळ धातू ‘लप्’, म्हणजे बोलणे, असावा असे दिसते. नागसेनाचा भांडारिक तेच करीत आहे : तो मोजून, उच्चारून सांगतो. स्थिरमतीने तेथेच स्मृतीचा विषय ‘संस्तुत’, म्हणजे परिचित, असला पाहिजे असेही म्हटले आहे. दोन भिन्न संप्रदाय, दोन भिन्न भाषा. तरी स्मरण हा गाभा दोहोंकडे कायम आहे.

याच ग्रंथात पुढे स्मृती किती प्रकारांनी उत्पन्न होते असा प्रश्न येतो. तेथील उदाहरणे पूर्णपणे व्यवहारातील आहेत : दुसऱ्याने आठवण करून दिल्याने, साम्यावरून, गणनेने, पोथीत पाहून, बैल त्याच्या अंगावरील खुणेवरून ओळखल्याने. शब्द तोच, ‘सति’. नागसेनाला ध्यानातील सति आणि बैल ओळखणारी सति यांसाठी निरनिराळे शब्द योजावेसे वाटले नाहीत.

पञ्ञेचे लक्षण छेदन होय असे सांगताना त्याने जव कापणाऱ्या शेतकऱ्याचा दृष्टांत दिला आहे. डाव्या हाताने मूठ धरावयाची आणि उजव्या हातातील विळ्याने कापावयाची. धरणे हा मनसिकार आणि कापणे ही पञ्ञा. पुढे पञ्ञेचे आणखी एक लक्षण प्रकाशन असे सांगून अंधाऱ्या घरात नेलेल्या दिव्याचा दृष्टांत येतो. विळा आणि दिवा या दोन्ही उपमांत पञ्ञा ही कार्य करणारी वस्तू आहे. ती कोणाच्या अंगी असलेले भूषण नव्हे.

५

पञ्ञेचे अत्यंत सूक्ष्म विवेचन बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाचव्या शतकातील ग्रंथात मिळते. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेली त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस प्रसिद्ध झाली. सञ्ञा, विञ्ञाण आणि पञ्ञा यांतील भेद दाखविण्यासाठी बुद्धघोषाने सराफाच्या फळीवर पडलेल्या नाण्यांचा दृष्टांत योजिला आहे. अजाण बालक त्या नाण्यांचा रंग व आकार पाहते. खेडूत माणसाला त्याखेरीज ती व्यवहारात मौल्यवान आहेत हेही कळते. सराफ मात्र खरे, खोटे व हिणकस नाणे वेगळे करतो. नाणे पाहून, वाजवून त्याचा आवाज ऐकून, हुंगून, चाखून, हातात तोलून ते कोणत्या गावी व कोणत्या कारागिराने घडविले हेही तो सांगू शकतो. बालकाची सञ्ञा, खेडुताचे विञ्ञाण, सराफाची पञ्ञा.

या दृष्टांतात सति कोठे आहे असे कोणी विचारील. बुद्धघोषाने तेथे तिचे नाव घेतलेले नाही. परंतु सराफाचे ज्ञान कशाचे बनलेले आहे हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. नाणे आत्ताचे आहे, आवाज आत्ताचा आहे. पण तो आवाज खोटा आहे हे ठरविणारी कसोटी पूर्वी ऐकलेल्या असंख्य आवाजांची आहे. त्या आवाजांचा विसर पडला तर सराफ क्षणात खेडूत होईल. पाच इंद्रियांपैकी श्रद्धा व प्रज्ञा आणि वीर्य व समाधी यांचा परस्परांशी समतोल राखावा लागतो, सति मात्र सर्वत्र बलवती असावी, असे बुद्धघोष म्हणतो आणि तिला सर्व व्यंजनांत लागणाऱ्या मिठाची उपमा देतो. पञ्ञेलाही तिच्यावाचून चव नाही, असा त्याचा अर्थ घेण्यास हरकत नाही.

मराठीतील ‘प्रज्ञा’ या शब्दाचे काय झाले आहे, हेही येथेच पाहिले पाहिजे. ‘प्रज्ञावंत’ म्हणजे जन्मतः तल्लख. शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘प्रज्ञाशोध’ परीक्षा असते आणि तीत उपजत बुद्धीचा शोध घ्यावयाचा असे आपण मानतो. पाली परंपरेत पञ्ञेचे श्रुतमय, चिंतामय व भावनामय असे तीन प्रकार सांगितले आहेत : ऐकून आलेली, विचार करून आलेली आणि साधनेने आलेली. पञ्ञा मुख्यतः कमवावयाची वस्तू आहे, हा बोध या त्रिविध विभागणीत आहे. श्रवणाचा अधिकारच ज्यांना शतकानुशतके नाकारला गेला, त्यांच्या दृष्टीने उपजत प्रज्ञा आणि कमावलेली प्रज्ञा यांतील भेद हा केवळ कोशकाराचा प्रश्न राहत नाही.

६

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. ध्यानात साधक भूतकाळाचे स्मरण करीत नाही. त्याने वर्तमान क्षणातच राहावे असा उपदेश आहे. तेव्हा तेथे ‘स्मृती’ म्हणणे दिशाभूल करणारे नव्हे काय? टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये ‘माइंडफुलनेस’ हा शब्द योजिला तो अशाच विचाराने असावा, आणि न्यानपोनिक थेर यांच्या १९६२ च्या लंडन आवृत्तीमुळे सर्वत्र वाचल्या गेलेल्या ग्रंथातून ‘निखळ अवधान’ ही कल्पना प्रसृत झाली. न्यानपोनिक यांनी निखळ अवधानाच्या जोडीला सम्पजञ्ञ ठेवले होते. नंतरच्या लोकप्रिय विवेचनांतून ती जोड पुष्कळदा गळून पडली आणि काहीही न ठरवता, न पारखता पाहत राहणे, एवढाच ‘सति’चा अर्थ उरला.

आक्षेपाचे उत्तर असे की, स्मरणाचा विषय भूतकाळच असला पाहिजे असे नाही. संयुत्तनिकायातील तेलाच्या पात्राची कथा पाहावी. जनपदकल्याणी नाचत-गात आहे, लोकांची दाटी झाली आहे, आणि त्या दाटीतून एका माणसाला काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र न्यावयाचे आहे. मागे तलवार उपसलेला माणूस चालत आहे. तेलाचा थेंब सांडला तर शिर जाणार. हा माणूस काही आठवत बसलेला नाही. तरी तो एक गोष्ट क्षणभरही विसरत नाही. आपण काय घेऊन चाललो आहोत आणि का, याचा विसर न पडणे हीच येथे सति होय. तलवारीची आठवण काढून टाका, उरलेल्या अवधानाला नर्तकीकडे वळण्यास वेळ लागणार नाही.

७

तेव्हा मराठीत काय म्हणावे? ‘स्मृती’ या शब्दापुढे दोन अडचणी आहेत. एक अशी की, आजच्या मराठीत तो प्रायः गतकाळाच्या आठवणीपुरता किंवा स्मारकापुरता उरला आहे. दुसरी अधिक गंभीर. ज्या समाजाने ही संज्ञा आपलीशी केली, त्याच्या स्मरणात ‘स्मृती’ या शब्दाचा दुसरा अर्थ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जाळलेल्या ग्रंथाशी जोडलेला आहे. एकाच ध्वनीच्या शब्दात त्याज्य आणि स्वीकार्य असे दोन्ही अर्थ वागवावे लागावेत, हा भाषेचा ताण आहे. ‘सजगता’ या शब्दाकडे लोक वळले यात या ताणाचाही वाटा असू शकेल. इगतपुरी येथे १९७६ मध्ये सुरू झालेल्या केंद्रातून विपश्यनेचा जो प्रसार झाला, त्याने या शब्दाला आणखी बळ दिले.

‘सजगता’ बहिष्कृत करावी असे येथे सुचवावयाचे नाही. तिच्यात सतीचा एक अंश निश्चित आहे. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात सम्मासतीचे विवरण मनाचा अखंड जागेपणा असे केले आहे. परंतु ते तेवढ्यावर थांबत नाहीत. दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा, असेही ते म्हणतात. जागेपणाला पहाऱ्याची जोड देताच नगरोपमसुत्तातील द्वारपाल पुन्हा उभा राहतो. पहाऱ्यात कोण आपला आणि कोण परका याची ओळख गृहीत आहे.

या सर्व छटा एकत्र धरणारे एक साधे शब्दकुळ मराठीत उपलब्ध आहे, त्याकडे भाषांतरकारांनी वळावे असे सुचवावेसे वाटते. ते म्हणजे ‘लक्ष’. आपण लक्ष देतो तेव्हा तो मनसिकार असतो. लक्षात ठेवतो तेव्हा ते स्मरण असते. लक्ष ठेवतो तेव्हा तो पहारा असतो. आणि एखादी गोष्ट लक्षात येते तेव्हा ते जाणणे असते, म्हणजे पञ्ञेचा आरंभ. एकाच नामाला निरनिराळी क्रियापदे व विभक्ती लावून मराठी माणूस सति आणि पञ्ञा यांमधील संबंध रोज बोलून दाखवितो. लक्षात ठेवले नाही ते लक्षात येत नाही, हे त्याला सांगावे लागत नाही.

‘सम्यक स्मृती’ ही संज्ञा पाठात राहावी. परंपरेने आलेली संज्ञा बदलण्याने लाभ थोडा आणि गोंधळ फार होतो. परंतु तिचे विवरण करताना आणि विशेषतः सुत्तांची नवी भाषांतरे करताना ‘लक्षात ठेवणे’ व ‘लक्ष ठेवणे’ या दोन्ही प्रयोगांचा संदर्भानुसार अवलंब करावा, आणि ‘पजानाति’ या क्रियापदाचे भाषांतर ‘पञ्ञा’शी असलेले त्याचे नाते दिसेल असे करावे. जागे राहा एवढेच सुत्ते सांगत नाहीत. काय ऐकले, काय केले आणि कशासाठी निघालो, हे न विसरता जागे राहा असे ती सांगतात. आणि या दोन सांगण्यांत द्वारपाल आणि उघडे दार यांमधील अंतर आहे.